आप्पांचं निवेदन

आमच्या शेजारचे दिनकरआप्पा मोबाईल उचलला की आधी त्यात फुंकर मारतात. मग त्यावर बोटाने टकटक करतात. मग "हॅलो... हॅलो..." असं जरा लांबवून म्हणतात आणि आवाज घुमतोय का ते ऐकतात. पलीकडचा माणूस तोवर "आप्पा, मीच बोलतोय, आप्पा" करून थकलेला असतो. त्यावर आप्पांचं एकच म्हणणं असतं, "आवाज पोचतोय का ते आधी बघावं. न्हाईतर बोललेलं सगळं मांडवातच ऱ्हातं."

आप्पा लग्नात माईकवर असतात. हा काही त्यांचा धंदा नाही. धंदा म्हणजे नदीकाठची शेती, थोडा ऊस आणि थोडा कांदा. माईक ही हौस. पण वडगाव रासाईत कुणी आप्पांना शेतकरी म्हणून ओळखत नाही. "माईकआप्पा हायत का घरी?" असंच विचारत लोक आमच्या गल्लीत येतात.

ज्यांनी आमच्या भागातलं लग्न पाहिलेलं नाही, त्यांना माईकवर असणं म्हणजे काय ते कदाचित कळणार नाही. भटजी मंगलाष्टकं म्हणतात ते वेगळं. त्याच्या आधी तासभर, कधी कधी मुहूर्त टळून जाईपर्यंत, पाहुणे येत असतात. कारखान्याचे संचालक, सोसायटीचे चेअरमन, आजी सरपंच, माजी सरपंच आणि ज्यांना सरपंच व्हायचंय ते सगळे. प्रत्येकाचं नाव माईकवरून घ्यावं लागतं. नावाआधी विशेषण लावावं लागतं. कुणाला कुणाच्या आधी घ्यायचं हे चुकलं तर पुढची निवडणूक होईपर्यंत रुसवा जात नाही. आप्पांचं ते कधी चुकत नाही. इथून वरवंडपर्यंत आणि तिकडे पाबळपर्यंत असं मंगल कार्यालय नाही जिथे आप्पांचा आवाज घुमलेला नाही.

अडचण एवढीच आहे, की माईक बंद झाला तरी आप्पा बंद होत नाहीत.

आई त्यांच्याकडे विरजण मागायला गेली की ओट्यावरून आवाज येतो, "आपल्या गल्लीच्या अन्नपूर्णा, आदरणीय वैनीसाहेब यांचं आत्ताच आगमन झालेलं आहे. विरजणाची वाटी त्यांनी स्वीकारावी, अशी मी त्यांना नम्र विनंती करतो." आई म्हणते, "आप्पा, द्या की गुमान." माझे वडील लोकांच्या शेतात ट्रॅक्टर चालवतात, तर आप्पांच्या तोंडी ते "या पंचक्रोशीच्या भूमीला आकार देणारे" झाले. वायरमन खांबावर चढला की खालून "तमाकडून तेजाकडे नेणारे आमचे मार्गदर्शक" असं सुरू होतं. तो बिचारा वरूनच ओरडतो, "आप्पा, हात सुटंल माजा!"

मी आमच्या घरातली कॉलेजला गेलेली पहिली. शिरूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आप्पा मला येताजाता "भावी अधिकारी, कुमारी मनीषाताई" म्हणतात. एकदा एसटीच्या थांब्यावर चारचौघांत म्हणाले. आदल्याच दिवशी इंग्रजीच्या चाचणीत माझी दांडी उडाली होती. मला एसटीखाली जावंसं वाटलं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आप्पांच्या भाषा दोन आहेत. माईकवरचे आप्पा 'आहे' म्हणतात, घरातले आप्पा 'हाय' म्हणतात. माईकवरच्या आप्पांना कशाचंच काही वाटत नाही, त्यांना सगळ्याचा आनंदच असतो, नाहीतर अभिमान. घरातले आप्पा कसे आहेत हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या काकी, वारल्या तेव्हाही ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला आप्पा "आपण वेळात वेळ काढून आलात" असंच म्हणत होते. तेव्हा सुवर्णाताई बारावीला होती. आप्पांची ती एकुलती एक मुलगी.

सुवर्णाताईचं लग्न दौंडकडच्या संकेतदादांशी झालं. दादा शिकायला ऑस्ट्रेलियाला गेले होते, तिथेच नोकरी लागली, आणि तिथे कायम राहायची परवानगीही त्यांना मिळाली होती. ते सुट्टी काढून आले, लग्न केलं आणि गेले. काही महिन्यांनी ताईही बायको म्हणून मिळतो त्या व्हिसावर गेली. त्याचे दोन टप्पे असतात हे मला तिच्यामुळे कळलं. आधी तात्पुरता मिळतो. दोनेक वर्षांनी तिथलं सरकार पुन्हा विचारतं, की लग्न खरं आहे ना, दोघं अजून एकत्र आहात ना. त्याची खात्री पटली की मग कायमचा. ताई एवढ्यात एकदाही गावाला आलेली नव्हती. तिथल्या एका दुकानात तिची नोकरी नवी होती आणि सुट्टी मिळत नव्हती. आता तो दुसऱ्या टप्प्याचा अर्ज करायची वेळ आली होती.

आमच्या गल्लीत ही बातमी आप्पांनीच जाहीर केली, "आमची कन्या परमनंट होत आहे!"

आमच्याकडे परमनंट या शब्दाला एकच अर्थ आहे. पलीकडे एमआयडीसी आहे, आणि घराघरातलं कुणीतरी तिथे कंत्राटावर आहे. कंत्राटी पोराला मुलगी मिळत नाही, परमनंटला मिळते. म्हणून पहिला प्रश्न कोपऱ्यावरच्या शांताआत्यांनी विचारला, "कंच्या कंपनीत रं दिनकर?"

"कंपनीत न्हाई. देशात."

"देशात आन् परमनंट? मंग आपुन काय टेंपरवारी हाय व्हय हितं?"

आप्पा गप्प बसणारे नव्हते. "आत्या, परमनंट झालं की सगळ्या सवलती लागू व्हत्यात. रजा! कंत्राटी माणसाला रजा न्हाई, परमनंटला रजा हाय. म्हंजी आता सुवर्णा येणार. दिवाळीला येणार, यात्रंला येणार. तुमी पुरणपोळीची तयारी ठिवा."

ही रजेची गोष्ट आप्पांनी डोक्यात घेतली ती घेतलीच. ते स्वतः आठ वर्षं एका कंपनीत कंत्राटावर होते. दर वर्षी कंपनीवाले आता परमनंट करणार असं म्हणायचे आणि एके दिवशी गेटवरूनच परत पाठवलं, असं माझे वडील सांगतात. त्यामुळे आप्पांना परमनंट माणसाचे सगळे हक्क तोंडपाठ होते. सुवर्णाताईचा फोन आला की फुंकर मारून झाली, टकटक झाली की आप्पांचा पहिला प्रश्न असायचा, "रजा किती मिळंल म्हन्ती?" ताई हसून हसून लोटपोट व्हायची. "आप्पा, देश आहे हो तो, कारखाना नाही!" "आगं, आसंल. रजेचा अर्ज आत्ताच टाकून ठिव, मागनं गर्दी व्हती."

मला मात्र हसू यायचं नाही. मी इंटरनेटवर जेवढं वाचलं होतं त्यावरून मला एवढं कळलं होतं, की ही परवानगी तिथे राहण्यासाठी असते, इथे येण्यासाठी नाही. पण आप्पांना ते कोण सांगणार? आणि कसं?

एका रविवारी ताईचा फोन आला तेव्हा मी आप्पांच्या ओट्यावरच होते. ती म्हणाली, "आप्पा, इथल्या वकीलबाई म्हणतायत, घरच्यांचं लिहून जोडलं तर बरं पडेल. तुमचं निवेदन लागणार आहे."

आप्पा उभेच राहिले. "निवेदन?"

"हो. आमच्या लग्नाबद्दल. साधंच. मनू करेल तुम्हाला मदत."

निवेदन! गेली वीस-पंचवीस वर्षं आप्पांनी दुसरं केलंय काय? फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, "मने, सातासमुद्रापार मागणी आली बघ." त्या संध्याकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला, फेटा बांधला, मोबाईल तांब्याला टेकवून उभा केला आणि मला बटण दाबायला सांगितलं.

"ऑस्ट्रेलिया या देशाचे भाग्यविधाते, कर्तव्यदक्ष, गोरगरिबांचे कैवारी, व्हिसा खात्याचे सन्माननीय साहेब! तसेच व्यासपीठावर उपस्थित सर्व मान्यवर! सर्वप्रथम मी आपणा सर्वांचं वडगाव रासाई ग्रामस्थांच्या वतीने हार्दिक स्वागत करतो..."

"आप्पा, ते येणार नाहीत इथे."

"मग आपुन स्वागत करायचं न्हाई?"

स्वागतच इतकं लांबलं की मोबाईलची जागा भरली. सुवर्णा आणि संकेत यांची नावं तोपर्यंत आलेलीच नव्हती. मी घाबरत घाबरत सांगितलं, की असं बोलायचं नसतं, कागदावर लिहायचं असतं, आणि लग्न खरं आहे हे तुम्हाला कशावरून वाटतं एवढंच लिहायचं.

आप्पा माझ्याकडे बघतच राहिले. "लगीन खरं हाय का? आगं, आडीच हजार पान उठलं व्हतं! खोट्या लग्नाला कोण जेवतं?"

मग म्हणाले, फोटो पाठव, फोटो बघून गप बसतील. त्यांनी कपाटातून अल्बम काढला. अल्बम दोन्ही हातांनी उचलावा लागतो इतका जड. मी पानं उलटत गेले. चेअरमनसाहेब, त्यांच्या गळ्यात हार. संचालक, त्यांना फेटा बांधताना. दोन माजी सरपंच एकमेकांकडे न बघता एकाच फोटोत. मागे कुठेतरी लाल शालू दिसायचा. एका फोटोत संकेतदादांच्या मुंडावळ्यांचं फक्त टोक होतं, बाकी सगळी कुणा पुढाऱ्याची पाठ.

"आप्पा, नवरा-नवरी पाहिजेत."

"हायत की. मागं हायत."

"आणि यात तुम्ही कुठे आहात?"

"मी माईकवर."

पूर्ण अल्बम पाहिला. मुलीच्या बापाचा मुलीशेजारी एकही फोटो नव्हता. मी तसं बोलले नाही, पण आप्पांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण शेवटची काही पानं त्यांनी माझ्या हातातून घेऊन स्वतः उलटली. फार भरभर उलटली.

तर निवेदन लिहायचं होतं. मी वही घेऊन बसले. मी म्हटलं, "आप्पा, दोघं कसे राहतात, तुम्हाला काय दिसतं, ते सांगा. विशेषणं नकोत."

"एक बी नको?"

"एकही नको."

विशेषणाशिवाय बोलायचं म्हणजे आप्पांना अनवाणी चालल्यासारखं झालं. त्यांनी खांबाला टेकून इकडेतिकडे बघून आवाज खाली घेतला. त्यांचा खालचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"एक हाय. पर ते बाहीर जायला नको."

"नाही जाणार. काय?"

"जावाई भांडी घासतो."

मला हसू आवरेना.

"हसू नगंस. मी डोळ्यानं बघितलंय फोनात. ही खुर्चीवर बसून माज्याशी बोलती, आन् मागं त्यो पातेलं घासतोय. मला वाटलं, पोरीला काय झालंय का? तर म्हन्ती, आज त्यांची पाळी हाय. पाळी! दौंडला त्याच्या आईला कळलं तर काय व्हईल?" आप्पा थांबले. "लिवावं का?"

"लिहू या. तिकडे याला किंमत आहे."

"भांडी घासायला?"

"हो."

"मग आनखी लिव. भांडत्यात. परवा मिठावरनं भांडली. ही म्हणली, तुमाला चव कळत न्हाई. त्यो म्हणला, तुला हात आवरत न्हाई. फोन तसाच चालू. मी हितं ऐकतोय. आपुन काय बोलावं? मी म्हणलं, दोन्ही मान्यवरांना विनंती हाय, की शांतता राखावी. तर दोघं मला हसाय लागली. मिठाचं इसरलंच."

ही माहिती मी लिहून घेतली. संकेतदादा तिला रोज दुकानात सोडायला जातात, ती आजारी होती तेव्हा त्यांनी आप्पांना फोन करून काकींच्या काढ्यात काय काय असायचं ते विचारलं, आणि आप्पांना ते आठवेना म्हणून शांताआत्यांना फोनवर आणलं. ती त्यांना सगळ्यांसमोर अहो म्हणते आणि फोन बंद झाला असं वाटलं की संकेत म्हणते. आप्पा सांगत गेले. मी लिहीत गेले. एकदा सुरू झाल्यावर त्यांनी एकही विशेषण लावलं नाही, आणि त्यांना ते कळलंही नाही.

शेवटी म्हणाले, "आन् एवढं लिव, की माजी लेक नांदती हाय. बास. सायबाला त्येच पायजे ना?"

बरोबर तेच पाहिजे होतं. दोन वर्षांनी पुन्हा एवढं सगळं विचारायचं, ते यासाठीच. पण मला ते इंग्रजीत लिहिता येईना. लिव्ह लिहावं तर तशी माणसं लॉजवरही राहतात. स्टे तर त्याहून वाईट. सेटल लिहिलं तर आप्पांच्या अल्बममधल्या पुढाऱ्यांचं भांडण मिटवल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात इंग्रजीच्या सरांना धीर करून विचारलं. चाचणीनंतर मी त्यांच्यासमोर जात नव्हते. सर विचारात पडले. म्हणाले, "असा शब्द त्यांच्याकडे नाही. तू अर्थ लिही."

मग मी अर्थ लिहिला. ती त्या घरात राहते. ते घर आता तिचं झालं आहे. ती तिथे सुखाने आहे. एका शब्दाला तीन वाक्यं लागली. संध्याकाळी आप्पांना मराठीत वाचून दाखवलं. भांड्यांपाशी त्यांनी पुन्हा एकदा दौंडचा विषय काढला. शेवटच्या ओळींना मात्र त्यांनी मला थांबवलं.

"ते घर तिचं झालंय. आसं लिवलंस?"

"खोडू का?"

"नको," आप्पा म्हणाले. "बराबर हाय. नांदणं म्हंजी त्येच."

तहसीलजवळच्या वकिलांकडे सही करायला गेलो तेव्हा मात्र आप्पा पूर्ववत झाले. वकिलांनी शिक्का मारायच्या आत आपण "न्यायदेवतेचे निष्ठावंत पाईक" झाल्याचं ऐकलं आणि शिक्का वाकडा पडला. पण पडला.

सगळं तयार झाल्यावर ताईचा मला वेगळा फोन आला. तिचा आवाज दबका होता. "मनू, खरं सांग. आप्पा कसे राहतात गं?"

दिवसा आप्पा सगळ्या गल्लीला पुरून उरतात. पण आमच्या भिंती लागून आहेत. लग्नसराई संपली की त्यांच्या घरातून काही आवाजच येत नाही. टीव्हीचासुद्धा नाही. मी म्हटलं, "बरे आहेत." मग वाटलं हे खोटं झालं, म्हणून म्हटलं, "गप्प असतात कधी कधी."

ती म्हणाली, "एकदा हे कायमचं झालं की मी इथलीच होऊन जाईन. घर घ्यायचं चाललंय आमचं. मी अजून अर्ज पाठवलेला नाही. संकेत म्हणतो, तुला जायचं असेल तर जाऊ, पुण्यात मिळेल मला नोकरी. आप्पा एका शब्दाने म्हणाले ना, की ये, तर मी येईन."

रविवारी तिने आप्पांना विचारलंच. मी होते तिथे. ती घुटमळत होती. "आप्पा, तो अर्ज... नको करू का? आम्ही दोघं परतच येतो. तुम्ही म्हणाल तसं."

आप्पांनी फोनात पुन्हा फुंकर मारली. आवाज पोचत होता, तरी मारली. आणि मग माईकवरचा तो भरदार आवाज आला, "वधूपित्याच्या वतीने जाहीर करण्यात येतं, की अर्ज आजच्या आज करण्यात यावा! आगं येडे, कंत्राटी राहून रजा मिळती का कुणाला? परमनंट हो, मग महिन्याभराची रजा टाक आन् ये! पगारी रजा!"

ताई हसली. डोळे पुसत हसली. "पगारी रजा म्हणे! आप्पा, तुम्ही ना..." बराच वेळ ती हसत होती आणि आप्पा एकेक रजा सांगत होते. किरकोळ रजा, आजारपणाची रजा, बाळंतपणाची रजा. मला आप्पांचा राग आला. एवढं तिने मन मोकळं केलं, आणि यांना काही कळतच नाही असं वाटलं. तिने त्याच दिवशी अर्ज पाठवला.

त्यानंतर बरेच महिने गेले. उसाला तोड आली, कांदा निघाला, एक लग्नसराई उलटली. आणि एका सकाळी मी कॉलेजला निघाले होते तेव्हा आप्पांनी मला ओट्यावरून हाक मारली. फोन चालू होता. ताईला पत्र आलं होतं. ती परमनंट झाली होती.

आप्पांनी तिचं अभिनंदन केलं ते आजवर कुठल्या चेअरमनचं केलं नसेल. "वडगाव रासाईची सुकन्या, दौंडची आदर्श सून आणि ऑस्ट्रेलियाची परमनंट नागरिक..." ती म्हणाली, "नागरिक नाही हो आप्पा, रहिवासी," तर "रहिवासी, सौभाग्यवती सुवर्णाताई" असं दुरुस्त केलं. मागून संकेतदादा टाळ्या वाजवत होते. मग आप्पांनी रजेचं विचारलं. ती हसली आणि म्हणाली, यंदा नाही जमणार आप्पा, नव्या घराचं आहे, पुढच्या वर्षी बघू. "पुढच्या वरसाची रजा आत्ताच मंजूर करून घे," आप्पा म्हणाले. मग तिला कामावर जायची वेळ झाली.

फोन बंद झाला. आप्पा त्या काळ्या काचेकडे बघत होते. मला वाटलं, आता तरी कुणीतरी त्यांना सांगायला हवं, नाहीतर ते दर वर्षी वाट बघत बसतील. मी ओट्याच्या कडेला बसले.

"आप्पा, एक सांगू का? हे परमनंट कंपनीसारखं नसतं. म्हणजे त्यात रजा वगैरे... आता ताईला तिकडेच..."

"ठाव हाय मला," आप्पा म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"आगं, आठ वरसं कंपनीत काढली मी. परमनंट झालेला माणूस कंपनी सोडून परत आलेला एक बी बघितला न्हाई. परत येतो त्यो टेंपरवारी. मी आलो तवा जो भेटंल त्यो गल्लीत इचारायचा, 'काढला व्हय रं दिनकर?' आता पोरगी घर सोडून माज्यापायी परत आली आस्ती, तर लोकांनी काय इचारलं आस्तं तिला? नांदली न्हाई व्हय? सुखाची पोर माजी. तिला आसं कुणी इचारावं का?"

ते हे सगळं घरातल्या आवाजात बोलत होते, सावकाश, जमिनीकडे बघत. मला माझ्या रागाची आठवण झाली आणि कसंसंच वाटलं.

"मग ते रजेचं?" मी विचारलं. "इतके दिवस सारखं रजा, रजा. तुम्हाला माहीत होतं तर कशाला म्हणत होता?"

आप्पा ओशाळल्यासारखे झाले. सदऱ्याच्या टोकाने त्यांनी मोबाईलची काच पुसली.

"त्याला ती हसती," ते म्हणाले. "आन् हसाय लागली, की फोन ठिवायचं इसरती."

मग ते उठून आत गेले. भांड्याचा आवाज आला. "च्या टाकतो," ते आतूनच म्हणाले. "घाई न्हाई ना तुला?"

रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला होता. "नाही आप्पा," मी म्हणाले, आणि दप्तर खांद्यावरून काढून खाली ठेवलं.